हवेलीतला वाढपी

१९८७ साल होतं. एप्रिलमधला रविवार, ऊन अजून अंगणात उतरलं नव्हतं, आणि मिरजेच्या आमच्या घरातल्या पुढच्या खोलीत पतकीकाकू पदरानं डोळे पुसत होत्या.

"खिरीत विष घातलंय हो त्या सटवीनं! आणि ही खुळी वाटी तोंडाला लावतेय बघा की!"

"नाही मरायची ती, काकू," मी म्हटलं. "नायिकेला मारली तर पुढच्या रविवारी दाखवतील काय? रिकामी वाटी?"

"तुला मेलीला काळीजच नाही, शरयू."

काळीज होतं, पण माझं लक्ष वाटीकडे नव्हतं. आमचे हे रेल्वेत गार्ड. त्यांनी आदल्या वर्षी काळा-पांढरा टीव्ही घेतला, बोळातला पहिला, आणि तेव्हापासून रविवार सकाळची ती हिंदी मालिका म्हणजे आमच्या घरचा सण झाला. तिचं खरं नाव कुणी घ्यायचंच नाही. तिच्यात एक मोठी हवेली होती, म्हणून आम्ही तिला 'हवेली' म्हणायचो. सगळ्याजणी नायिकेसाठी रडायच्या, तिच्या सासूला शिव्या द्यायच्या. मी मात्र मागची माणसं बघायची. नायक-नायिका बोलत असताना त्यांच्या मागे उभी असतात ना, कधी नोकर, कधी वऱ्हाडी, कधी रस्त्यावरचे बघे, ती. एका रविवारचा हवालदार पुढच्या रविवारी भाजी विकताना सापडला की मला लॉटरी लागल्यासारखं व्हायचं. मी त्यांना नावंही ठेवली होती. एक घामट, एक बगळा, एक कोपरवाला.

"तो बघा, तो बघा! कोपरवाला! गेल्या खेपेला पोस्टमन होता, आज ठाकूरसाहेबांच्या डोक्यावर छत्री धरून उभा. बढती मिळाली लेकाला!"

"कोण गं हा?" माईंनी विचारलं.

माई आठल्ये आमच्या शेजारच्या. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, तरी टीव्हीच्या अगदी पुढ्यात पाट टाकून बसायच्या. त्यांना दिसायचं ते नुसतं हलतं धुकं. मालिका त्या ऐकायच्या. नायिकेला पडसं झालं असलं तर ते आमच्याआधी त्यांना कळायचं. त्यांना हाताला धरून आणायची आणि परत न्यायची ती त्यांची धाकटी सून, कुमुद. ती टीव्ही बघत नसे. स्वयंपाकघराच्या दाराशी आमच्याकडे पाठ करून बसायची आणि सोबत आणलेलं काम उरकायची. त्या दिवशी विळीवर कैऱ्या चिरत होती.

"त्याला बोलायला काही देत नाहीत माई, म्हणून तुम्हाला ठाऊक नाही," मी सांगितलं. "नुसता उभा असतो. पण कसा उभा असतो माहितीये?" आणि मी उठून करूनच दाखवलं. उजवा हात पाठीमागून नेऊन डावा कोपर धरला, मान जराशी कलती टाकली. "पोस्टमन असू दे नाहीतर हवालदार, हात आपला मागे कोपराला."

काकू हसल्या. विळीचा आवाज थांबला. कुमुद वळून बघत होती. टीव्हीकडे नव्हे, माझ्याकडे.

"परत कर बघू," ती म्हणाली.

"काय?"

"आत्ता उभी राहिलीस तसं."

मी परत केलं. पडद्यावर तोवर साबणाची जाहिरात लागली होती. माईंना घेऊन निघताना ती दारात मागे राहिली आणि हळू आवाजात म्हणाली, "पुढच्या रविवारी तो आला की मला सांग. ओरडू नको. नुसता हात लाव."

"लागलं ना तुलाही वेड!" मी खुशीत म्हटलं. कुमुदनं कशात तरी रस घेतला याचाच मला आनंद झाला होता.

तिचं सगळं मला ठाऊक होतं, म्हणजे बोळाला ठाऊक होतं तेवढं. तिचा नवरा पद्माकर. लग्नाला चार वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. एक दिवस कचेरीच्या कामासाठी पुण्याला जाऊन येतो म्हणून निघाला तो आलाच नाही. पोलीस झाले, ज्योतिषी झाले, पेपरात फोटो झाला. आम्ही मिरजेला आलो ते त्यानंतर, त्यामुळे मी त्याला कधी बघितलेलं नव्हतं. माईंच्या देव्हाऱ्याशेजारी त्याचा लग्नातला फोटो होता: काडीसारखा मुलगा, डोक्यावर हे एवढं केसांचं टोपलं, मुंडावळ्यांत तोंड अर्धं लपलेलं.

तेव्हापासून त्या घरात प्रत्येक गोष्टीला एकच उत्तर होतं: पदू आला की बघू. भिंतींना रंग? पदू आला की. कुमुदला डी.एड. करायचंय? पदू आला की. माहेरी मुंजीला चार दिवस जास्त राहायचंय? आणि नेमका पदू आला म्हणजे? पद्माकरचे थोरले भाऊ अण्णा, शाळेत कारकून, बायको लवकर गेलेली. ते रोज दिवेलागणीला ओसरीवरचा दिवा लावायचे आणि निजताना तो तसाच ठेवायचे. वाईट माणूस नव्हता हो. भावाची वाट बघण्यात त्यानं स्वतःचंही आयुष्य घातलं होतं.

पण त्या मे महिन्यात बारा वर्षं पुरी होत होती. बारा वर्षं ज्याचा पत्ता नाही तो गेला असं शास्त्र धरतं. पळसाच्या पानांचा माणूस करायचा, त्याला अग्नी द्यायचा, सुतक धरायचं, दिवस घालायचे. अण्णांनी गुरुजींना विचारून दिवस ठरवला होता. आणि कुमुदला मामेबहिणीच्या ओळखीनं रत्नागिरीच्या एका मुलींच्या वसतिगृहात काम मिळत होतं. मुलींवर देखरेख ठेवायची, तिथंच राहायला खोली, जूनमध्ये रुजू व्हायचं. अण्णांनी होकार दिला होता. फक्त विधी उरकल्यावर. "त्याच्या वाटेवर बसलेलं माणूस मी त्याआधी कसं हलवू?" असं म्हणाले होते. कुमुदनं माहेरची ट्रंक माळ्यावरून काढून, पुसून, उन्हातसुद्धा ठेवली होती.

पुढच्या रविवारी ती काम न घेता आली आणि माझ्या शेजारी बसली. हवेलीत लग्न होतं. पंगत बसली होती, ठाकूरसाहेब कुणाला तरी दम भरत होते, आणि त्यांच्या मागून जिलबीचं ताट घेऊन एक टकला, पोट सुटलेला वाढपी आला. ताट खाली ठेवलं. हात मागे गेला, कोपराला.

मी कुमुदच्या गुडघ्याला हात लावला. तिनं माझं मनगट धरलं. तो वळून पाठमोरा चालत गेला, दोन खांबांमधून नाहीसा झाला, तरी तिनं धरलेलं सोडलं नाही. बांगड्या रुतल्या मला.

"चहा टाकू या चल," ती म्हणाली.

स्वयंपाकघरात गेल्यावर तिनं माठातलं पाणी घेतलं, प्यायली नाही, भांडं तसंच हातात ठेवलं.

"ते आमचे हे आहेत."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. मी डब्यांच्या फळीला धरलं.

"काहीतरीच! अगं तो टकला... फोटोत तर..."

"केस गेलेत. अंगानं सुटलेत. शरयू, चार वर्षं मी त्या माणसाच्या मागून चालले. मला पाठ ओळखायला चुकायची नाही."

"आणि ते कोपराचं?"

"माई रागवायला लागल्या की असेच उभे राहायचे."

बाहेर माई काकूंना म्हणत होत्या, "जिलबी वाढतायत वाटतं? ताटांचा आवाज आला." त्यांच्या मुलानं त्यांच्यापासून हातभर अंतरावर ताट ठेवलं होतं आणि त्यांनी ताट ऐकलं होतं.

"चल," मी म्हटलं. "आधी अण्णांना सांगू. मुंबईला जाऊन त्या लोकांकडे चौकशी केली की दोन दिवसांत सापडतील. देवच पावला गं कुमुद!"

"थांब."

"थांब काय? विधी आलाय तोंडावर!"

"होऊ दे."

ती शांतपणे चहाचं आधण ठेवत होती.

"काय होऊ दे?"

"विधी. ठरलाय तसा."

"जिवंत माणसाचा? तुला वेड लागलंय का? आत्ता बघितलंस ना तू त्यांना, जिलबी घेऊन..."

"हळू बोल." तिनं दार लोटलं. "मला सांग, हरवले होते का ते? कुणी धरून ठेवलं होतं? पाय तुटला होता, वाचा गेली होती? मी बारा वर्षं रोज तेच डोळ्यांपुढे आणलं शरयू. कुठल्या दवाखान्यात असतील, कुठल्या नदीत असतील. आणि हे मजेत छत्र्या धरतायत."

"पण सांगितलं तर निदान..."

"सांगितलं तर अण्णा उद्याच्या गाडीनं मुंबईला जातील. आणतील, नाहीतर आणायच्या खटपटीला लागतील. आणि मी परत ओसरीवर. हे येणार म्हणून ट्रंक परत माळ्यावर." तिनं चहाची पूड टाकली. "आले तरी काय करू मी त्यांचं? ओवाळू?"

"आणि तुझं कुंकू?"

"ते जायचंच आहे. गुरुजींनी तारीख दिलीय."

मी तिला चांगली ओळखते असं मला वाटत होतं. कैऱ्या चिरणारी, खाली मान घालून सासूला रस्ता ओलांडून नेणारी कुमुद. तिच्या तोंडून हे ऐकताना मला तिची भीतीच वाटली. कप भरून ती बाहेर गेली आणि माईंच्या हातात देत म्हणाली, "गरम आहे हं, फुंकून घ्या."

ठरल्या दिवशी अण्णा आणि गुरुजी कृष्णाघाटावर गेले. मी माईंजवळ बसले होते. त्या रडत नव्हत्या, नुसत्या भिंतीला टेकून डोलत होत्या. दुपारी अण्णा ओल्या धोतरानं परत आले, दारातच बसले आणि लहान मुलासारखे हुंदके देऊन रडले. "पोचवला गं माई, पदूला पोचवला." कुमुद आतल्या खोलीत होती. बाहेर आली तेव्हा कपाळ मोकळं होतं. तिनं अण्णांना पाणी दिलं. मला तिच्याकडे बघवेना.

सुतकातल्या रविवारी माई आल्या नाहीत, कुमुद आली नाही. काकू एकट्याच आल्या. हवेलीतून वरात निघाली होती, आणि बँडच्या पुढे, डोक्याला फेटा बांधून, दोन्ही हात वर करून पद्माकर आठल्ये नाचत होता.

"आज गप्प का गं?" काकू म्हणाल्या. "तुझा कोपरवाला बघ की, काय रंगात आलाय!"

मी उठले आणि मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारलं. भिंतीपलीकडे त्याच्या नावानं दहाव्याची तयारी चालली होती.

दिवस झाले. ट्रंक भरली गेली. कुमुदची रत्नागिरीची एसटी सोमवारी होती आणि त्याच्या आदल्या दिवशी, रविवारी, माईंनी हट्ट धरला. "मला शरयूकडे ने. घरात भिंती खायला उठतात." कुमुदनं टाळायचा प्रयत्न केला. "डोकं दुखतंय माझं, माई." माई म्हणाल्या, "तू नको बघू. मला पोचव फक्त."

तिला आणावंच लागलं. माई पाटावर बसल्या, काकू खुर्चीवर, आणि कुमुद दाराशी उभीच राहिली. मी मनात म्हणत होते, आज नको येऊ रे बाबा. आलास तरी मुकाट्यानं उभा राहा.

तो आलाच. ठाकूरसाहेब जिन्यावरून उतरत होते. तो खाली ड्रायव्हरच्या टोपीत उभा होता. आणि आजवर कधी झालं नाही ते झालं. कॅमेरा त्याच्यावर आला, त्याचं तोंड पडदाभर झालं, आणि तो बोलला.

"मालिक, मोटर आ गई है."

बस, एवढंच. ठाकूरसाहेब पुढे गेले, संगीत वाजलं.

"पदू," माई म्हणाल्या.

ओरडल्या नाहीत. स्वयंपाकघरातून एखाद्याला जेवायला हाक मारावी तसं म्हणाल्या. मग दोन्ही हातांनी टीव्हीची काच चाचपायला लागल्या. "पदू. पदू आहे हा. माझा पदू बोलला आत्ता."

"अहो माई!" काकू धावल्या. "असं होतं हो. आमचे गेले तेव्हा मला नळाच्या आवाजात त्यांचं खोकणं ऐकू यायचं. शरयू, बंद कर तो टीव्ही! मी अण्णांना बोलावते, यांना काहीतरी होतंय." आणि त्या चपलाही न घालता बाहेर पळाल्या.

मी टीव्ही बंद केला. माई काचेवर हात ठेवून तशाच बसल्या होत्या. मग मान वळवून, जिथं कुमुद उभी होती नेमकं तिकडे तोंड करून त्यांनी विचारलं, "तू ऐकलंस?"

मला वाटलं ती नाही म्हणेल. एक शब्द, आणि म्हातारीला भास झाला म्हणून सगळं मिटलं असतं.

"ऐकलं," कुमुद म्हणाली.

"तुला ठाऊक होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"विधीच्या आधीपासून."

माईंचा हात काचेवरून खाली आला. मी डोळे मिटून घेतले. आता या टाहो फोडणार, केस धरणार, शाप देणार. माझ्या मुलाला जिवंतपणी जाळलंस म्हणणार. म्हणायचा हक्कच होता त्यांना.

"कसा दिसतो?" माईंनी विचारलं.

कुमुद म्हणाली, "केस गेलेत सगळे. पोट सुटलंय."

"जेवतोय म्हणजे."

"हो. चांगलं जेवत असणार."

माईंनी मान हलवली. बराच वेळ हलवत राहिल्या. "गाडीत बसवायला गेले होते मी त्याला," त्या म्हणाल्या. "तू घरी होतीस. गाडी हलली तरी माझ्याकडे बघेना. तेव्हाच मला कळलं होतं हा काही परत यायचा नाही. बारा वर्षं कळतच होतं."

"मग तुम्ही बोलला का नाहीत, माई?" हे मी विचारलं. माझ्याच्यानं राहवलं नाही.

"बोलले असते तर ही गेली असती ना," त्या साधेपणानं म्हणाल्या. "तो गेला, ही पण गेली असती. मला कुणी धरून नेलं असतं?"

कुमुद दाराला टेकली. मी तिच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि मान फिरवली. नवरा पडद्यावर दिसला तेव्हाही तिचा चेहरा असा झाला नव्हता.

तेवढ्यात अण्णा आले, धापा टाकत, सदरा उलटा घातलेला. मागे काकू. "काय झालं? माई, काय झालं? काकू म्हणतात पदूचं नाव घेतलंस?"

कुमुद माईंकडे बघत होती. ती काही सांगणार नव्हती, आणि थांबवणारही नव्हती. माईंनी एक शब्द उच्चारला असता तर उद्याची एसटी तिच्याशिवाय गेली असती. माईंनी अण्णांच्या आवाजाकडे तोंड केलं.

"काही नाही रे," त्या म्हणाल्या. "जरा भास झाला. तू आलाच आहेस तर ऐक. उद्या हिला स्टँडवर पोचवायला तू जा. ट्रंक जड आहे, तिला उचलायची नाही."

मग त्यांनी हात पुढे केला. नेहमी तो कुमुद धरायची. त्या दिवशी ती जागची हलली नाही. क्षणभर तो हात तसाच राहिला, आणि मग अण्णांनी तो धरला.

सोमवारी कुमुद गेली. नंतर ती त्या वसतिगृहाची मुख्य झाली. पुढे मुलींच्या मुली तिथं राहायला आल्या, आणि त्याही तिला बाईच म्हणायच्या. तिनं परत कपाळाला टिकली लावली, कधीपासून ते मी विचारलं नाही. मिरजेला ती एकदाच आली, माईंच्या तेराव्याला. जेवून संध्याकाळच्या गाडीनं परत गेली.

कुमुद गेली त्याच वर्षी दिवाळीनंतर माईंनी डोळ्यांचं ऑपरेशन करून घेतलं. अण्णांना आश्चर्य वाटलं. मला वाटलं नाही. पट्टी सुटल्यावर पहिल्या रविवारी त्या आपल्या पायांनी माझ्याकडे आल्या, पण तोवर हवेली संपली होती आणि त्या जागी दुसरंच काहीतरी लागायला लागलं होतं. त्यांनी तेही शेवटपर्यंत बघितलं. मागची माणसं बघत होत्या, हे मला दिसत होतं. अण्णांना आम्ही कुणी कधीच सांगितलं नाही. त्यांनी ओसरीवरचा दिवा लावणं सोडलं, घराला रंग दिला आणि सुखात म्हातारे झाले. पतकीकाकू मुलाकडे बडोद्याला गेल्या. तिथून एकदा त्यांचा फोन आला, तोही कुठल्याशा मालिकेतल्या सुनेचं काय झालं ते विचारायला.

पद्माकरला मी त्यानंतर तीन-चारदा बघितलं. एकदा न्यायाधीश झाला होता, एकदा चहाच्या जाहिरातीतला आजोबा. मग दिसेनासा झाला. तो खरोखर कधी गेला ते आम्हा कुणालाच कळलं नाही. कळून तरी काय करणार होतो, त्याचं सगळं आधीच करून झालं होतं.